बिनरश्शाचा निवाडा

माणसाच्या हातून जे काही घडतं त्याचा शेवटी एकच निवाडा खरा ठरतो, आणि तो देण्याचा अधिकार गावात एखाद्यालाच असतो. आमच्या अड्याळमध्ये तो अधिकार दशरथभाऊंना होता. निवाडा मिठाचा असायचा.

लग्न असो, बारसं असो की तेरवी, वांगे-आलूच्या भाजीचा गंज चुलीवरून उतरला की दशरथभाऊंना बोलावणं जायचं. पंगत बसलेली असे, पत्रावळी मांडलेल्या असत, लोकांची पोटं बोलायला लागलेली असत. पण ते येईपर्यंत वाढप सुरू होत नसे. ते येत आणि काही न बोलता उजवा तळहात पुढे करत. आचारी पळीच्या टोकाने त्यावर थोडा रस्सा सोडायचा. दशरथभाऊ हात जरा तिरका करत, रस्सा मनगटाकडे कसा उतरतो ते पाहत, मग जीभ लावत आणि डोळे मिटत. एवढ्या वेळात नवरदेवाचा बापसुद्धा घाम पुसायचा. मग ते म्हणत, "चालू द्या." किंवा म्हणत, "थांबा." थांबा म्हटल्यावर काय करायचं हे ते सांगत नसत. ते आचाऱ्याला ठाऊक असतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

एरवी ते आमच्या शाळेत शिपाई होते. मी तिथे मराठी शिकवायचो. पहाटे तलावात जाळं टाकायचं, सात वाजता मासळी बायकोच्या टोपलीत द्यायची आणि दहाला शाळेची घंटा वाजवायची, असा त्यांचा दिवस होता. कसं काय विचारलं की एकच उत्तर मिळे, "थकलो गुरुजी." सोमवारी सकाळीही हेच. सुरुवातीला मला ती सवय वाटली. पुढे कळलं की ती नुसती माहिती होती.

शाळेत पाहुणे येत, तेव्हा सत्काराचं ताट दशरथभाऊ धरत. एकदा त्यांनी एकच नारळ लागोपाठ तीन सत्कारांत चालवला. पाहुणा भाषणाला उठला की खुर्चीवरचा नारळ हळूच परत ताटात. मी हसलो तर म्हणाले, "सत्काराले नारळ लागते गुरुजी, खोबरं नाही लागत." सार्वजनिक जीवनावर यापेक्षा नेमकं काही मी नंतर कुठे वाचलं नाही.

रश्शाबद्दल मात्र ते अशी थट्टा करत नसत. पाहुण्याला कोरडं वाढणं त्यांच्या लेखी त्याला दारातून परत पाठवण्यासारखं होतं. "भाजी खोटं बोलते," ते म्हणायचे. "वरून तेल सोडलं का चमकते. रस्सा खोटं बोलत नाही. आचाऱ्याच्या मनात काय होतं, थे सारं रश्शात उतरते."

आम्ही दोघंही निवृत्त झालो त्याला बराच काळ लोटला होता. एका दुपारी ते घरी आले. बायको बाहेर गेली होती, म्हणून चहा मीच केला. मिठाच्या डब्याशी माझा फारसा संबंध उरला नव्हता, त्यामुळे साखरेच्या शेजारी तो असतो हे विसरलो होतो. पहिला घोट मी खिडकीतून बाहेर टाकला. वळून पाहिलं तर दशरथभाऊंचा कप अर्धा झाला होता.

"कसा झाला?" मी विचारलं.

"जमते," ते म्हणाले.

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि कप खाली ठेवला. मग सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी मोठा ताप आला होता. ताप गेला, तो जिभेची चव घेऊन गेला. गोड, खारट, तिखट सगळं सारखं. "तोंडात लाकूड हाय गुरुजी. कोणाले सांगू नका."

पण या दोन वर्षांत त्यांनी निदान पंचवीस पंगतींचा निवाडा दिला होता आणि तो चुकला नव्हता. कसा, ते मी विचारलं. रस्सा हातावरून कसा उतरतो, तर्री कुठे फाटते, यावरून निम्मं कळतं, असं त्यांनी सांगितलं. उरलेलं निम्मं आचाऱ्याच्या डोळ्यांत. "मीठ बिघडलं असन त आचारी माह्याकडं पाहत नाही. पळीकडं पाहते. बरोबर असन त सिधा माह्या तोंडाकडं पाहते."

मग सोडून का देत नाही, मी म्हटलं. सोडायचंच होतं, ते म्हणाले, पण लोक सोडू देत नव्हते. आणि सोडलं तर उरतं काय, तर एके काळी घंटा वाजवणारा एक म्हातारा. घंटाही आता बटणावर वाजते.

त्यांची धाकटी मुलगी पल्लवी माझी विद्यार्थिनी. निबंधात ती कधी 'सूर्य उगवला' असं लिहीत नसे, थेट मुद्द्यावर यायची. नागपूरला हॉटेलचं शिक्षण घेऊन ती पुण्यात एका जपानी पद्धतीच्या हॉटेलात चार वर्षं स्वयंपाकघरात होती. मागच्या वर्षी परत आली आणि भंडाऱ्याला बस स्टँडजवळ तिने स्वतःचं छोटं हॉटेल काढायचं ठरवलं. मोमो, फ्राइड राइस सगळं होतंच, पण तिचा जीव होता एका पदार्थात: बिनरश्शाच्या जपानी नूडल्स. गावात बातमी पसरली की दशरथभाऊंची पोरगी नूडल्सचा रस्साच काढून टाकणार आहे. लोकांनी त्यांचं सांत्वनही केलं.

पल्लवीने एकच अट घातली होती. आधी बाबांनी तळहात पुढे करायचा, त्यांनी 'चालू द्या' म्हटलं तरच ती नूडल्स विकायला ठेवणार. नाही म्हटलं तर मोमो आहेतच.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघं एसटीने भंडाऱ्याला गेलो. हॉटेलबाहेर फ्लेक्स लागला होता. त्यावर उद्घाटकांचा फोटो दारापेक्षा मोठा होता, आणि नूडल्सची वाटी त्यांच्या कोपराखाली, एखाद्या कार्यकर्त्यासारखी दबलेली.

पल्लवीने दोन वाट्या आणून ठेवल्या. जाड, चकचकीत शेवया, त्यावर खिमा, बारीक चिरलेली कांद्याची पात, मधोमध अंड्याचा कच्चा बलक आणि बाजूला तपकिरी पुडीचा ढीग. ती पूड वाळवलेल्या बारीक मासळीची होती, अड्याळच्या तलावातल्या. सगळं खालून वर कालवायचं आणि शेवटी वाटीला जे लागून राहतं त्यात मूठभर भात टाकून पुसून खायचं, असं तिने समजावलं.

"शेवटी भातच?" दशरथभाऊंनी विचारलं.

"भातच, बाबा."

"मंग ते लोक एवढे वाईट नाहीत."

त्यांनी सवयीने तळहात पुढे केला आणि तो तसाच राहिला. त्यावर ओतायला काही नव्हतं. त्यांनी हात मागे घेतला, काट्याने नूडल्स कालवल्या, घास घेतला, डोळे मिटले. मला सगळं स्पष्ट दिसत होतं. मनगटाकडे उतरणारा रस्सा नाही, फाटणारी तर्री नाही. एक मार्ग मात्र अजून उरला होता. त्यांनी डोळे उघडून मुलीकडे पाहिलं. पल्लवी वाटीकडे पाहत नव्हती. ती सरळ त्यांच्या तोंडाकडे पाहत होती.

'चालू द्या' म्हणायला एवढं पुरेसं होतं. गावात त्यांनी तेवढ्यावर पंचवीस पंगती उठवल्या होत्या.

"बाई," ते म्हणाले, "मले काही समजत नाही. दोन वर्सांपासून जिभेवर चवच नाही."

पल्लवी हळू आवाजात म्हणाली, "मंग चिखला गावच्या लग्नात थांबा म्हनलं ते?"

"आचारी पळीकडं पाहून राहिला होता."

तिला हसू आलं की रडू, ते तिचं तिलाच कळलं नसावं. तिने नॅपकिन उचलून टेबल पुसायला घेतलं, ते स्वच्छच होतं. "सांगाचं होतं ना बाबा."

"दुसऱ्याच्या पंगतीत चालून जाते. तुह्या घरी नाही चालत," दशरथभाऊ म्हणाले, आणि माझी वाटी माझ्याकडे सरकवली. "गुरुजी सांगतीन. त्यांची जीभ चांगली हाय."

मी घास घेतला. लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणून मी कधी टाळ्या वाजवल्या नाहीत, तेव्हा प्रामाणिकपणे जे वाटलं ते सांगितलं. पदार्थ उत्तम, पण मीठ जास्त. मासळीच्या पुडीमुळे असावं. पल्लवीने मान हलवली, आत गेली, पूड निम्मी केली, मीठही कमी केलं. पुन्हा आणलं. मी म्हटलं, "चालू द्या." माझ्या तोंडी तो शब्द उसना वाटला, पण दशरथभाऊंनी खांद्यावरून काहीतरी उतरवल्यासारखा श्वास सोडला.

परतीच्या एसटीत ते एकदाच बोलले. "पोरगी वाटीकडं नव्हती पाहत, गुरुजी."

"जीभ ती जीभ, दशरथभाऊ," मी म्हटलं.

"हो. जीभ तुमची हाय," ते म्हणाले आणि झोपी गेले.

दुसऱ्या दिवशी उद्घाटकांनी फीत कापली आणि भाषणात रश्शाची फार तारीफ केली. त्यांनी खाल्लं नव्हतं. हॉटेल मात्र चाललं. महिन्याभराने गेलो तर प्रत्येक टेबलावर मिठाची बाटली आलेली. कॉलेजची पोरं नूडल्स समोर येताच आधी तीच उचलत होती. पल्लवीने मला पाहिलं, बाटलीकडे पाहिलं आणि आदराने चहा विचारला.

त्यानंतर दशरथभाऊंनी कुठल्याही पंगतीत हात पुढे केला नाही. बोलावणं आलं की म्हणत, माझी पाळी संपली. कसं काय विचारलं तर मात्र 'थकलो' म्हणायचं त्यांनी सोडलं होतं. "बसलो हाय" म्हणत. या थंडीत एका सकाळी तलावाच्या पाळीवर, बांधावरच्या उन्हात, ते बसलेलेच गेले. जाळं शेजारी घडी घालून ठेवलेलं होतं.

तेरवीला सगळं गाव होतं. वांगे-आलूचा गंज उतरला, पंगत बसली आणि आचारी पळी घेऊन तसाच उभा राहिला. कुणाकडे जायचं हे त्याला कळेना. पल्लवीने त्याच्या कानात काही सांगितलं. तो पंगतीतून वाट काढत माझ्यापर्यंत आला. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी उजवा तळहात पुढे केला, रस्सा मनगटाकडे उतरू दिला, जीभ लावली, डोळे मिटले. आचाऱ्याकडे पाहायचं मला सुचलं नाही. मी म्हटलं, "चालू द्या," आणि पंगत जेवायला लागली.

रक्तदाबामुळे डॉक्टरांनी माझं मीठ बंद केलं, त्याला तेव्हा सात वर्षं झाली होती.