ते पानी माझं होतं

"तुझ्याकडे बघून वाटत नाही हं," मेधाकाकू म्हणाल्या.

मी म्हणाले, "थँक्यू, काकू."

काय वाटत नाही, ते त्यांनी सांगितलं नाही. गरजच नव्हती. व्हॉलंटियरच्या फॉर्मवर माझं आडनाव त्यांनी वाचलं होतं. आडनावावरून जात कळली होती आणि बोलण्यावरून कळत नव्हती, म्हणून शाबासकी. आणि मी आभार मानले. कुणी बळजबरी केली नव्हती. जीभ माझीच.

२०१७चा हिवाळा. टोरांटोत शिकायला येऊन मला चार महिने झाले होते. कॉलेजच्या पहिल्याच दिवशी सल्लागार बाईंनी बजावलं होतं, नुसता अभ्यास करून भागणार नाही, व्हॉलंटियर करा, ओळखी वाढवा, इथल्या दोन वर्षांचं सोनं करा. म्हणून मी आणि माझी रूममेट शीतल नॉर्थ यॉर्कमधल्या रविवारच्या मराठी वर्गात शिकवायला लागलो. मी वर्ध्याची, ती भंडाऱ्याची. जात एकच, स्कारबरोचं भाड्याचं बेसमेंट एकच. वर्ग चालवायच्या मेधाकाकू. त्यांचं रेफरन्स लेटर मिळालं की कॉलेजच्या को-ऑपसाठी, म्हणजे अभ्यासक्रमातल्या पगारी कामासाठी, एखाद्या ऑफिसात शिरकाव होईल, हे दोघींनाही माहीत होतं.

पुण्याच्या इंजिनिअरिंग हॉस्टेलात मी आरशासमोर उभी राहून 'ण' घोटला होता. लोणी. बाण. आणि. टाळ्याला लावून लावून जीभ दुखेपर्यंत. तिथे हसले होते ना सगळे. मग घरी फोनवर बाबांनी विचारलं, "तिथलं पानी मानवलं का?" तर मी आधी त्यांचा 'न' दुरुस्त केला, मग उत्तर दिलं. तेव्हापासून ते फोनवर कमी बोलतात.

शीतलने असलं काही केलं नव्हतं. ती घरी बोलायची तेच इथे बोलायची.

त्या रविवारी वर्ग सुटला. पोरं जॅकेटं चढवत होती. माझ्या वर्गातली सहा वर्षांची इरा आईला म्हणाली, "आई, मला पानी हवं."

"पाणी," आई म्हणाली. "से इट प्रॉपरली."

"बट ताई सेज पानी."

चार-पाच आया वळल्या. मेधाकाकूंनी विचारलं, "कुठली ताई?"

तिथे ताया दोनच. शीतल भिंतीशी खुर्च्या रचत होती. शनिवारची ग्रोसरी स्टोअरमधली शिफ्ट उरकून मी रविवारी उभी राहायचे, थकले की माझा 'ण' सुटायचा. मला ते ठाऊक होतं. इराने तोंड उघडायच्या आत मी बोलले.

"शीतलच्या तोंडून ऐकलं असेल, काकू. मी सांगते तिला."

"शीतल, पुढच्या वेळेपासून तू चहाचं बघ," काकू म्हणाल्या. "मुलांचे उच्चार एकदा बिघडले की बसले." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ते 'वाटत नाही हं' म्हणाल्या.

बसमध्ये शीतल भांडली नाही. एवढंच म्हणाली, "माहा वर्ग तं मोठ्या पोरायचा आहे. इरा तुह्या वर्गात आहे."

 

तीन रविवार तिने चहा केला. मी पलीकडच्या खोलीत शुद्ध मराठी शिकवली. चहा ती मलाही आणून द्यायची आणि मी प्यायचे, लाज कोळून प्यावी तसा. चौथ्या रविवारी ती आली नाही. टोरांटोबाहेर वॉनच्या एका वेअरहाउसमध्ये पॅकिंगचं काम धरलं आणि तिकडच्याच मुलींबरोबर राहायला गेली.

त्याच रविवारी मेधाकाकूंनी सगळ्या पालकांसमोर मला लेटर दिलं. इंग्रजीत लिहिलं होतं, हिची मराठी अत्यंत शुद्ध आहे. मी ते वाक्य दोनदा वाचलं. बाबा आठवले. माझी फी भरणारा माणूस, आणि मी त्याची बोलती बंद केली होती.

"काकू, ते पानी माझं होतं," मी म्हणाले.

"कुठलं पाणी?"

"इराचं. शीतल तिला शिकवतच नव्हती. मी म्हणते पानी. माझ्या घरात सगळे म्हणतात. मी खोटं बोलले."

"अगं, जाऊ दे ना आता. वुई डोन्ट बिलीव्ह इन ऑल दॅट हियर."

"मग 'वाटत नाही' म्हणजे काय वाटत नाही, काकू?"

त्या इराच्या आईकडे बघायला लागल्या. इराच बोलली. "आय न्यू इट वॉज यू, ताई."

सहा वर्षांच्या पोरीला माहीत होतं. लेटर मी टेबलावर ठेवलं आणि निघाले. त्या टर्मला को-ऑप मिळाली नाही.

शीतलला मी सगळं लिहून कळवलं. तिने वाचलं, उत्तर दिलं नाही. का द्यावं? मी खरं बोलले तेव्हा ती खोलीत नव्हती. खोटं बोलले तेव्हा होती. ही फेड कशानेही व्हायची नाही आणि मी ती झाली असं मानणार नाही.

बाबांना मात्र त्याच संध्याकाळी फोन केला. म्हटलं, "इथलं पानी मानवलं नाही, बाबा."

अजूनही कुणीतरी भेटतं. एखाद्या कॉन्डोत, एखाद्या हळदीकुंकवाला. आडनाव ऐकतं, मला न्याहाळतं, कौतुकाने म्हणतं, वाटत नाही हं. आता मी थँक्यू म्हणत नाही. म्हणते, नीट बघा, आहे. आणि घरच्या जिभेने पानी मागते.