प्रमुख पाहुण्यांचा सुटलेला झेल

बेसबॉलचा नाद मला जहाजावर लागला. मी मरीन इंजिनिअर. अमेरिकेच्या एका बंदरात आमचं जहाज सुट्या भागासाठी अडकून पडलं होतं आणि खलाशांच्या क्लबातल्या टीव्हीवर दुसरं काही लागत नव्हतं. तिथला संघ इतक्या मनापासून हरत होता की मला तो आपलाच वाटला. पुढे सिंगापूरला स्थायिक झालो, वुडलँड्सला फ्लॅट घेतला, निष्ठा तिकडेच राहिली. तिकडची रात्र म्हणजे इथली सकाळ. त्यामुळे आमचे बहुतेक पराभव मी पोह्यांबरोबर गिळले आहेत.

एक मात्र गिळला गेला नाही. आमचा संघ एकदाच अंतिम फेरीच्या दारात पोचला होता. शेवटचा डाव, एकच गडी बाद व्हायचा राहिलेला, आणि चेंडू उंच उडून आमच्या डावीकडच्या क्षेत्ररक्षकाकडे गेला. शेजारच्या काकूंनी पदरात घेतला असता, इतका सोपा झेल. तो त्याच्या ग्लव्हमध्ये गेला आणि बाहेर आला. मग त्या गृहस्थाने ग्लव्हमध्ये डोकावून पाहिलं, जणू चूक ग्लव्हची होती. आम्ही हरलो. झेल सुटल्याबद्दल मी त्याला कदाचित माफही केलं असतं. त्या डोकावण्याबद्दल नाही.

गेल्या वर्षी आमच्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन आला.

"अहो, क्रीडा दिनाला प्रमुख पाहुणे मिळाले! आमच्याच काँडोत राहतात, बुकित तिमाहला. इंटरनॅशनल स्कूलमध्ये मुलांना शिकवतात. अमेरिकेत फार मोठे खेळाडू होते म्हणे, ते तुमचं बेसबॉल."

त्यांनी नाव सांगितलं. तोच, ग्लव्हमध्ये डोकावणारा. मी चहाचा कप खाली ठेवला.

"आपल्यात त्यातलं दुसऱ्या कुणाला कळत नाही. परिचय तुम्हीच करून द्या."

"मराठीतच ना?"

"म्हणजे काय! आपला ठरावच आहे तसा."

आमच्याकडे शाल-श्रीफळ आधी, परिचय मागून. पाहुणा कुठलाही असो, परिचय मराठीत. त्याला अक्षर कळत नाही. तो शालीत घामाघूम होत, नारळ मांडीवर धरून हसत राहतो. ही पद्धत मला तोवर वेडगळ वाटायची. ती माझ्याच सोयीसाठी जन्माला आली होती, हे त्या दिवशी पटलं.

त्याच्या कारकिर्दीला मी एक वाक्य दिलं आणि उरलेला सगळा वेळ त्या झेलाला. चेंडू कसा वर गेला, कसा खाली आला, कसा निसटला. ग्लव्हमध्ये डोकावणं तर साभिनय, दोनदा. मंडळी लोटपोट हसली. पाहुणेही हसले, जरा उशिरा.

खाली उतरलो तर माझी मुलगी कपाळाला हात लावून उभी. "बाबा, इनफ लाह," ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "त्याला सगळं कळलं."

"मराठी?"

"तुझे हात मराठीत नव्हते."

पाहुण्यांनी भाषणात फक्त आभार मानले. मग प्रात्यक्षिक होतं. त्यांनी बॅट उचलली, मैदानभर नजर फिरवली आणि मला बोलावलं. स्वतःचा ग्लव्ह माझ्या हातात चढवताना हळूच इंग्रजीत म्हणाले, "छान सांगितलंत. ग्लव्हमध्ये बघितल्याचंसुद्धा. त्या झेलानंतर माझी आई वर्षभर बाजारात गेली नाही. सामान बहीण आणून द्यायची."

त्या झेलाने कुणाकुणाचं वाटोळं केलं, याचा हिशेब मी अनेक वर्षं ठेवला होता. आई त्यात नव्हती. पण विचार करायला वेळ नव्हता, चेंडू वर गेला होता.

अशा चेंडूखाली नेमकं काय करावं, हे मी वुडलँड्सच्या सोफ्यावरून ओरडून सांगत आलोय. पांढऱ्या आभाळात तो दिसेनासा झाला, मग एकदम मोठा झाला, माझ्या तळव्याला लागला आणि गवतात पडला. आणि मी, सगळ्या मंडळासमोर, ग्लव्हमध्ये डोकावून पाहिलं.

पाहुणे हसले नाहीत. "अजून एक!" म्हणाले, तेही प्रेमाने. तो सुटला. "अजून एक!" जेवणाची रांग लागली तरी त्यांचं संपेना. शेवटी एक कसाबसा अडकला, तेव्हा त्यांनी खांद्यावरची शाल काढून मला पांघरली आणि नारळ हातात दिला. टाळ्यांचा कडकडाट झाला. इतक्या सौजन्याने माझ्यावर सूड आजवर कुणी उगवलेला नाही.

पुढच्या वर्षीही त्यांनाच बोलवा, असं मी सेक्रेटरींना सांगून ठेवलंय. परिचय मीच करणार. तोवर दर रविवारी ब्लॉकमागच्या मैदानावर मुलगी टेनिसचे चेंडू उंच मारते आणि मी धावतो.

"बाबा," ती ओरडते, "हाताकडे बघू नको. वर बघ!"