धुतलेला डबा

दादाच्या वस्तूंची पिशवी सुपरवायझर दहाव्याच्या सकाळी घरी देऊन गेला. मी पाहुण्यांबरोबर दशक्रियेला गेलो होतो. घरी वहिनी होती. त्याने पुढे केलेल्या यादीवर तिने न वाचता सही केली. मी ती संध्याकाळी वाचली. चपला, एक जोड. जेवणाचा डबा, एक. मास्क, नवा, सीलबंद, एक.

नागापूरच्या कारखान्यात स्फोट झाला तेव्हा दादा भाजला थोडाच. छातीत गेलेल्या रसायनाच्या वाफेने तो तिसऱ्या दिवशी इस्पितळात वारला. नंतर कंपनीचं पत्र आलं: मास्क पुरवला होता, कामगाराने वापरला नाही, तो लॉकरमध्ये तसाच मिळाला. म्हणजे दादा स्वतःच्या हलगर्जीपणाने मेला.

दादा तोंडाला ओला रुमाल बांधून काम करायचा. त्या रुमालांचे पिवळे डाग दर रविवारी वहिनी घासत बसायची. मास्क मिळाला असता तर त्याने आधी घरी आणून सगळ्यांना दाखवला असता.

वहिनीने डबा उघडला, हुंगला आणि माझ्याकडे बघितलं.

"भाऊजी, हा कुणी धुतला?"

"दादानेच धुतला असेल."

"यांनी? सव्वीस वर्षांत नुसता पाण्याखाली धरला असता, तरी मी पेढे वाटले असते."

ज्याने डबा धुतला, त्यानेच मास्क ठेवला, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. मी शाळेत शिकवतो. उत्तरपत्रिकेतली नक्कल मला लगेच कळते, असा माझा समज. लॉकरला कुलूप नव्हतं, दार सुतळीने बांधलेलं असायचं. स्फोटाच्या संध्याकाळी दादाच्या पाळीतला एक जोडीदार लॉकरपाशी घुटमळत होता, असं गेटवरच्या माणसाकडून कळलं. तो दहाव्यालाही आला नव्हता. मी भिंगारच्या शाळेतून थेट त्याच्या खोलीवर गेलो.

"डबा तुम्ही धुतलात?"

त्याने मान खाली घातली. "व्हय, सर."

"का?"

"अर्धी भाकरी हुती त्यात. चटणी हुती. उष्टा डबा वहिनींकडं कसा जाऊ द्यायचा? त्यांनी उघडून बघितला असता तर?" मग म्हणाला, "घरी घिऊन यायचं धाडस झालं न्हाई. म्हणून धुतला आन् परत ठिवला."

मग सुचलं. "आत मास्क होता का?"

त्याने आधी दार लोटून घेतलं. "चपला हुत्या. बाकी कायबी न्हवतं."

"स्फोटाची सरकारी चौकशी आहे. त्यात हे सांगाल?"

"माझी नोकरी हाय तिथं, सर." चहाचंही विचारलं नाही त्याने.

वहिनीला मी सगळं सांगितलं होतं. चौकशीच्या दिवशी तिने तोच डबा भरून माझ्या हातात दिला, त्या जोडीदारासाठी. मी तो पिशवीच्या तळाशी ठेवला. तो येणार नाही, याची मला खात्री होती. तो आला, पण सुपरवायझरच्या मोटारसायकलवर मागे बसून. मी पिशवीचं तोंड आवळलं.

अधिकाऱ्याने विचारलं तेव्हा तो उभाच राहिला. "डबा मी काढला. धुऊन परत ठिवला. आत चपला हुत्या. मास्क न्हवता." सुपरवायझर खोकला. जोडीदार थांबला नाही. तेच पुन्हा एकदा, जरा मोठ्याने म्हणाला.

जबाब मी वाचायला मागितला. दोनदा वाचला. 'मास्क नव्हता' हे शब्द कागदावर होते. मगच त्याला सही करू दिली.

बाहेर सुपरवायझर त्याच्यासाठी न थांबता निघून गेला. तो रिक्षासाठी रस्त्याकडे चालू लागला. मी मागून गाठून डबा पुढे केला. त्याने तो ओळखला. दोन्ही हातांनी घेतला.

"कधी आणून देऊ?" त्याने विचारलं.