अण्णांची एक अट

वसंतअण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बोम्मसंद्र्याच्या पंप कारखान्यात होते. दोन वर्षांपूर्वी ज्या कामात त्यांनी माझी नोकरी वाचवली, ते काम याच कारखान्याचं. आज दीड महिना झाला, पण ऑफिसात कुणी त्यांच्यासारखं ‘स्वल्प थांब’, म्हणजे जरा थांब, म्हटलं की अजून मान वळते...

अण्णा आमच्या सॉफ्टवेअर ऑफिसातले माझे वरिष्ठ, मूळचे निपाणीचे, वीस वर्षं जयनगरात राहिलेले. मराठी बोलता बोलता कन्नडात कधी शिरत, त्यांनाही कळत नसे. मी पुण्याहून नुकतीच आलेली, प्रोबेशनवर, आणि अंगात भलती घाई. विक्रेत्यांच्या ऑर्डरी इंटरनेटवरून कारखान्याच्या सर्व्हरपर्यंत पोचवायच्या, हे माझं पहिलं काम. असा निरोप धाडण्याची एक सर्वमान्य रीत आहे, एचटीटीपी. तिच्यासाठी जावा भाषेत साधं, प्रमाण साधन होतं, पण त्यात पुष्कळसं हातानं लिहावं लागे. सर्व्हर विकणाऱ्या कंपनीची स्वतःची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, मात्र अगदी आयती होती. मला अर्थातच आयतं हवं होतं.

“अण्णा, तीन दिवसांत होतंय!”

“होतंय गं. पण उद्या त्यांनी बदललं म्हणजे? त्यांच्या दारात बसायचं काय आपण?”

शेवटी त्यांनी एका अटीवर मान्य केलं. त्या लायब्ररीचं नाव एकाच फाइलमध्ये दिसलं पाहिजे, बाकी कुठंही नाही, म्हणजे उद्या ती बदलली तरी तेवढी एकच फाइल दुरुस्त करावी लागेल. मी त्यांच्याच कन्नडात “सरी अण्णा”, म्हणजे ठीक आहे, म्हणाले आणि घाईत सतरा फायलींत ते पेरून मोकळी झाले.

चार महिन्यांनी सर्व्हरची नवी आवृत्ती बसली, जुनी लायब्ररी तिच्यावर चालेना आणि ऑर्डरी ठप्प झाल्या. मला नोकरीत कायम करायचं की नाही, हे पंधरा दिवसांत ठरणार होतं. सतरा फायलींचं लपवावं असं मनात आलंच, खोटं कशाला सांगू... पण जेवणाच्या सुट्टीत अण्णांसमोर बसून सगळं सांगून टाकलं. “आधी जेव,” एवढंच म्हणाले. दुपारी कारखान्याच्या मॅनेजरला त्यांनी सांगितलं, “निर्णय माझा होता. पोरीचं काय नाही त्यात. चार दिवस द्या.” ते चार दिवस आम्ही शेजारी बसून एकेक फाइल प्रमाण साधनावर आणली. ऑर्डरी सुरू झाल्या, मी कायम झाले.

त्यानंतर मात्र अण्णांनी माझं काम तपासणं बंद केलं. बाकी सगळ्यांच्या स्क्रीनवर बोट ठेवून ओळ न् ओळ वाचायचे, माझ्याकडे फिरकायचेही नाहीत. मी धरून चालले, यांनी माझा नाद सोडला. विचारायचा धीर कधी झाला नाही.

गेल्या रविवारी त्यांच्या पत्नीला, अक्कांना, भेटायला गेले तेव्हा हे बोलून गेले. अक्का चक्क हसल्या.

“खुळी का काय तू? घरी येऊन सांगत होते की, ‘चूक आपण होऊन सांगितली पोरीनं. तिचं आता मला बघावं लागत नाही.’”

मला रडू आलं, आणि फार बरंही वाटलं. सोमवारी काम पाठवण्याआधी मी स्क्रीनवर बोट ठेवलं आणि पहिल्या ओळीपासून सगळं वाचून काढलं.