गाळाची तोटी

ज्या शहरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तिथं सोलरचे बंब विकून दाखवा, मग मला धंदा शिकवा. हे वाक्य मी पुण्याच्या हेड ऑफिसात पुष्कळदा ऐकवलं आहे. दर वेळी समोरच्यांनी चहा मागवला आणि विषय बदलला.

मी सिल्लोडकडचा. गुलमंडीतल्या एका दुकानात गिझर-मिक्सरची गिऱ्हाइकं पटवता पटवता या धंद्यात शिरलो. कंपनीनं मराठवाड्याचं ऑफिस माझ्या हाती दिलं ते माझी जीभ पाहून. डिग्री पाहायला नव्हतीच. दुष्काळ पडला होता, आणि तरी बायपासला इमारती उगवत होत्या. पावसावाचून येणारं तेवढं एकच पीक. तिथल्या एका सोसायटीच्या गच्चीवर मी घरटी एक बंब बसवला. हा नमुना दाखवायचा आणि बायपासचे सगळे बिल्डर गाठायचे, असा माझा बेत. हेड ऑफिसनं बजावलं, नमुना फसला तर इथलं ऑफिस बंद.

उन्हाळा लागला आणि बंबांच्या काचेच्या नळ्या फुटू लागल्या. आज या घराच्या, उद्या त्या घराच्या. तणतणत गच्चीवर गेलो आणि डोक्याला हात लावला. सोलरच्या टाकीला बुडाशी एक तोटी असते, कधीमधी गाळ काढण्यापुरती. लोकांनी तिला रबरी नळी जोडून थेट स्वयंपाकघरात उतरवली होती. नळाला पाणी आलं की बंब भरायचा आणि पुढचं पाणी येईपर्यंत त्यातूनच स्वयंपाक, भांडी, आंघोळी. बंब रिता झाला की नळ्यांतलं उरलंसुरलं पाणीही उन्हात उडून जायचं, काच तव्यासारखी तापायची, आणि भर दुपारी नळाचं गार पाणी आत शिरलं की फट्!

पुण्याहून साहेब आले. परदेशात शिकलेले, आवाज कधी न चढवणारे. गच्चीवरच बैठक बसली. सोसायटीच्या अध्यक्ष एक काकू होत्या, फुलंब्रीकडच्या शेतकरी घरातल्या, मुलाच्या नोकरीपायी शहरात आलेल्या.

"वापरणाऱ्यांची चूक आहे," साहेब म्हणाले. "वॉरंटी लागू होत नाही."

"काकू, ती तोटी गाळाची आहे! गाळाची!" मी ओरडलो.

"आरडू नका भाऊ. पाणी ठिवायच्या भांड्यात पाणी ठिवलं, आमचं काय चुकलं?"

"ते तापवायला आहे, साठवायला नाय!"

"आधी पाणी तर येऊ द्या, मग तापवू. आन् या उन्हात कढत पाणी मागतंय कोण?"

मागच्या बायका हसल्या. साहेबांनी फर्मावलं, सगळ्या तोट्यांना कुलपं लावा.

"लावा की. आन् बंब बी उचला. दुष्काळात आमचं पाणी कोंडून ठिवता व्हय?"

दोघांचंही खरं होतं आणि दोघांचाही मला संताप येत होता. मी साहेबांना म्हणालो, घरटी एक साधी प्लास्टिकची टाकी द्या, साठवण तिच्यात होईल, बंब भरलेला राहील.

"आपण स्वच्छ ऊर्जेची कंपनी आहोत. टाक्या विकणं आपलं काम नाही."

"मग फुटक्या काचा विकणं आहे का?"

तेवढ्यात काकूंनी पाण्याचे पेले मागवले. साहेबांनी घोट घेतला आणि थबकले. "हे गरम आहे."

"मंग? सोलरचंय. तुमच्याच कंपनीचं."

साहेबांनी पेल्यात पाहिलं. तळाशी पिवळसर गाळ बसला होता. मीही पाहिला, आणि सौदा पटवायची वेळ ओळखली, गुलमंडीत शिकलो होतो तशी. "साहेब, हा पेला उद्या इथं येणाऱ्या बिल्डरच्या हाती द्यायचा की टाक्या द्यायच्या? बोला."

साहेबांनी पेला ठेवला आणि मान हलवली. मग काकू आणि मी बैलबाजारात भांडावं तसे भांडलो. काचा कंपनीच्या खर्चानं, कुलपंही कंपनीचीच. टाकी झाकणाची हवी, ही त्यांची अट मान्य. किल्ल्या मात्र त्या सोडेनात. शेवटी सगळ्या किल्ल्या त्यांच्याच कमरेला गेल्या. दुसऱ्या कुणाला त्यांनी तोटीला हात लावू दिला नसता, हे मी जाणून होतो.

काचा फुटायच्या थांबल्या, ऑफिस वाचलं. पुढं पुण्याच्या मोठ्या बैठकीत पडद्यावर 'दुष्काळी भागासाठी साठवण टाकीसह सोलर' अशी साहेबांची योजना झळकली. फोटो त्याच गच्चीचा. माझं कोपर तेवढं आलं होतं. साहेब वर चढले. मी इथंच आहे, आणि हेड ऑफिसात मला टाकीवाला म्हणतात.

अजूनही बिल्डर घेऊन मी त्याच गच्चीवर जातो. काकू गार पाणी देतात आणि माझ्यादेखत सांगतात, "लई भांडकुदळ माणूसंय हा. पण टाकी मागितल्याबिगर सही करू नका." टाकी द्यावीच लागते. ही अट काकूंची आणि तोड माझी, साहेबांचा फक्त पेला, असं मी हेड ऑफिसला दर वेळी कळवतो. तिकडून टाक्या येतात. उत्तर येत नाही.