टूथपेस्टनं घासलेली डिस्क

तमाम खेळाडूंना अत्यंत दुःखानं कळवण्यात येतं की, दुष्काळात डिस्कला टूथपेस्ट लावू नये. पेस्टचा वास आला की मला मित्राच्या नव्या कॉलनीतलं ते घर आठवतं. त्याच्या दिवंगत वडिलांनी औरंगपुऱ्याच्या बाजारातून आणलेली गाड्यांच्या शर्यतीच्या व्हिडिओ गेमची अस्सल डिस्क अडकू लागली होती. ओरखड्यांवर पेस्ट चोळून धुवायची, हा आमचा हुकमी इलाज. मोठ्या थाटात पेस्ट चोळली, नळ सोडला, तर तो नुसताच फुसफुसला. घरात पिण्यापुरता एकच हंडा उरलेला. त्याला हात लावायची आमची छाती होईना. शेवटी मित्रानं ती कोरडीच पुसली आणि वाळलेल्या पेस्टनं डिस्क पार खरवडून निघाली. वडिलांबरोबर खेळलेला तो खेळ पुन्हा सुरू झालाच नाही. मित्र टीव्हीच्या काळ्या पडद्यासमोर पुन्हा पुन्हा बटणं दाबत राहिला, तेव्हा त्याची आई एकदम बोलून गेली, "अरे, तांब्याभर पाणी मागितलं असतं, तर मी नाय म्हणले असते व्हय?"