अल्मा रुडस्ट्रॉमचा उजवा हात

सतरा वर्षांची होईपर्यंत अल्मा रुडस्ट्रॉमने गवताचं ग्रीन, म्हणजे गोल्फच्या खड्ड्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, पाहिलं नव्हतं. कॅन्ससच्या त्या कोपऱ्यात, हॅलस्टनला, गहूच कसाबसा पावसावर यायचा. गोल्फच्या गवताला घालायला पाणी कुणाकडे होतं? म्हणून गावच्या मैदानावर प्रत्येक खड्ड्याभोवती वाळूचा गोल होता, मोटारींचं जळकं तेल ओतून दाबून बसवलेला. चेंडू त्या गोलात आला की लोखंडी नळी ओढत खड्ड्यापर्यंतची वाट सपाट करायची आणि पटर, म्हणजे जवळच्या फटक्याची काठी, घेऊन त्या वाटेवरून चेंडू ठोकायचा. ठोकायचाच, कारण हळू लोटला तर वाळूत रुतून बसे.

तिचे वडील नील्स गावच्या धान्याच्या कोठारावर कारभारी होते. रविवारी चर्च सुटलं की ते थेट मैदानावर जात, आणि लुथरन मंडळींत त्यावरून कुजबुज चाले. अल्मा नऊ वर्षांची असताना त्यांनी आपली एक जुनी काठी करवतीने आखूड करून तिला दिली. पोरीने पहिल्याच दिवशी विचारलं की चेंडूच्या आत काय असतं. नील्सनी चेंडूची साल कापूनच दाखवली. आत रबराचा धागा गुंडाळलेला. अल्माने तो उलगडत कोठाराच्या दारापासून रेल्वेच्या रुळापर्यंत नेला, तरी संपेना. संध्याकाळभर गावातली माणसं त्या धाग्यात अडखळत होती आणि नील्स प्रत्येकाची माफी मागत होते.

सतराव्या वर्षी ती मुलींच्या राज्य स्पर्धेसाठी विचिटाला गेली. तिथे तिने गुडघे टेकून ग्रीनवरचं गवत कुरवाळलं. मग वाळूवर ठोकायची तसा चेंडू ठोकला, तो खड्ड्यावरून, ग्रीनवरून सरसरत पलीकडच्या तळ्यात. अर्थात ती हरली. बाकीच्या मुली आयांच्या गळ्यात पडून रडत होत्या आणि अल्मा मैदानाच्या म्हाताऱ्या माळ्याला विचारत होती, की चेंडू इकडून तिकडे जाताना धावतो आणि तिकडून इकडे येताना दमतो, हे कसं? माळी म्हणाला, गवत एका अंगाला झोपलेलं असतं. ते कुठल्या अंगाला झोपलंय हे कसं ओळखायचं, ते शिकता शिकता तिची परतीची बस चुकली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिने विचिटातच विमानांच्या कारखान्यात पत्र्यांना रिबिटं मारली. एकोणीसशे पन्नास साली, सव्विसाव्या वर्षी, ती व्यावसायिक खेळाडू झाली. तेव्हा बायकांचा हा खेळ म्हणजे पंधरा-वीस जणी आणि त्यांच्या दहा-बारा गाड्या. एका गावाहून दुसऱ्या गावाला एकामागे एक जायचं, तिथे पोचल्यावर मैदान आपणच आखायचं, खड्ड्यांत झेंडे आपणच रोवायचे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर एकमेकींना हरवायचं. अल्माच्या गाडीत जॉर्जियाची नेल टिबेट्स असे. उंच, हाडकुळी, बोलायला लागली की थांबत नसे. अल्मा गाडी चालवताना प्रश्न विचारी आणि नेल खोटी उत्तरं देई. असे त्यांचे हजारो मैल गेले.

त्रेपन्न साली अल्माने राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं. लांब फटका तिच्याहून दणकट मारणाऱ्या चौघी-पाचजणी होत्या, पण पट घालण्यात, म्हणजे ग्रीनवरून चेंडू खड्ड्यात घालण्यात, तिचा हात धरणारी कुणी नव्हती. पाच वर्षांत तिने अकरा स्पर्धा जिंकल्या, आणि हॅलस्टनच्या केशकर्तनालयात तिचा फोटो आरशाशेजारी लागला.

अठ्ठावन्नच्या एप्रिलमध्ये, जॉर्जियातल्या एका स्पर्धेत, तिच्यासमोर दोन फुटांचा पट होता. चपलेने सरकवला असता तरी गेला असता. तिने पटर मागे नेला, पुढे आणला, आणि चेंडूला लागायच्या क्षणी उजव्या मनगटाला हिसका बसला. कुणी मागून कोपराला धक्का द्यावा तसा. चेंडू खड्ड्याच्या आठ फूट पुढे गेला. परत फिरून मारला, पुन्हा हिसका. त्या दोन फुटांना तिला चार फटके लागले.

प्रेक्षकांत चुळबुळ झाली. अल्मा मात्र आपल्या हाताकडे बघत उभी होती. घाबरलेलं माणूस कसं असतं हे तिला ठाऊक होतं. तोंडाला कोरड पडते, पोटात गोळा येतो. तिच्या पोटात काहीच नव्हतं. मग हिसका आला कुठून?

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की रुडस्ट्रॉमबाईंचा धीर सुटला. डॉक्टरांनी सांगितलं, थकवा आहे, महिनाभर मासे पकडा. तिने महिनाभर मासे पकडले. गळाला आमिष लावताना, दोरा गुंडाळताना, मासा साफ करताना उजवा हात लोण्यासारखा चालला. मैदानावर परतली आणि पहिल्याच पटला तोच हिसका.

मग तिने या हाताचा पिच्छाच पुरवला. एका दुपारी नेल मोटेलच्या खोलीत आली तर अल्मा गालिच्यावर पटर घेऊन उभी, समोर एक आडवा ग्लास, आणि गादीवर संत्रं, लोकरीचा गुंडा, उकडलेलं अंडं, चेंडू असं सगळं मांडलेलं.

“आता काय जेवण खेळतेस की काय?” नेलने विचारलं.

“बस इथे आणि माझं मनगट बघ,” अल्मा म्हणाली.

तिने संत्रं मारलं. हात सरळ. अंडं मारलं, हात सरळ. गोल्फचा चेंडू ठेवला आणि हिसका बसला. ग्लास उचलून नुसताच चेंडू मारला तेव्हा काही नाही. ग्लास परत ठेवला की हिसका हजर. नेलच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. तिने स्वतः चेंडूपुढे रुमाल धरला, डोळे मिटायला लावले, गाणं म्हणायला लावलं. डोळे मिटले की हिसका नाही, दहातले पाच तर ग्लासातही गेले. गाण्याने काही फरक पडला नाही. उलट शेजारच्या खोलीतल्या माणसाने भिंत ठोकली.

“म्हणजे चेंडू आणि भोक दोन्ही दिसली तरच हा बिथरतो,” अल्मा म्हणाली. “याला कळतं गं. मला कळायच्या आधी याला कळतं.”

“अगं, तू घरी जा,” नेल म्हणाली. “हे असं बोलायला लागलीस म्हणजे मला तुझी भीती वाटायला लागलीय.”

ती लगेच घरी गेली नाही. त्या उन्हाळ्यात ती प्रत्येक स्पर्धेत हरत राहिली, आणि गावोगाव एकच चौकशी करत राहिली: हात असा उलटलेलं आणखी कुणी माहीत आहे का? टल्सात तिला एक व्हायोलिनवाला भेटला, ज्याचं एकच बोट एकाच सुरावर आत वळे. मेकनमध्ये एक न्हावी होता; गिऱ्हाइकाच्या डाव्या गालावर वस्तरा ठेवला की त्याचा हात थरथरे, उजव्या गालावर कधीच नाही. एका पाद्रीसाहेबांची बायको कुणाचंही नाव झरझर लिही, पण स्वतःची सही करायला घेतली की पेन अडकून बसे. हे सगळे हळू आवाजात बोलत, चोरी कबूल केल्यासारखे. अल्मा मात्र इतक्या आनंदाने ऐकत असे की सांगता सांगता त्यांनाही मौज वाटू लागे.

जो माणूस खरा कामाला आला, तो हॅलस्टनमध्येच निघाला. नोव्हेंबरात ती घरी आली. चर्चच्या तळघरात कॉफी चालली होती, आणि क्लेम ऑस्टरहाउट तिच्या शेजारी येऊन बसले. सत्तरी उलटलेला माणूस, रेल्वेतला निवृत्त तारमास्तर. चार वाक्यं बोलले तर गावात बातमी व्हावी, इतके अबोल. त्या दिवशी तेच आपणहून बोलू लागले.

“पोरी, हात कुठल्या क्षणाला उडतो? आधी, की लागतानाच?”

“लागतानाच, मिस्टर ऑस्टरहाउट. तुम्हाला कसं ठाऊक?”

क्लेमनी उजवा हात टेबलावर ठेवला आणि बोटाने पाच वेळा टकटक केलं. “आमच्या तारेच्या भाषेत पी म्हणजे पाच ठिपके. सोळा वर्षं मी ते पाचच पाठवले. मग एक दिवस हात सहा पाठवायला लागला. सहा ठिपक्यांचा अर्थ सहाचा आकडा. पीबॉडी स्टेशनच्या तारा ‘सहाबॉडी’ म्हणून जायला लागल्या. पलीकडचा तारमास्तर विचारायचा, दुपारपासूनच घेतोस का रे?”

“मग?”

“मग काय. याच हाताने मी दाढी करत होतो, गाय पिळत होतो. हात चांगला होता. तेवढं एकच काम त्याच्यात खराब झालं होतं. त्याला रागावून पाहिलं, विश्रांती देऊन पाहिली. शेवटी सोडून दिलं त्याला. डाव्या हाताला शिकवलं.”

“किती दिवस लागले?”

“एक हिवाळा,” क्लेम म्हणाले, आणि कॉफी संपवून उठले.

अल्माने ओमाहातल्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून डावखुऱ्याचा पटर मिळवला. घरी आईला, हुल्डाला, विचारलं की लहानपणी मी डावखुरी होते का. हुल्डा म्हणाली, “छे. हट्टी होतीस, दोन्ही हातांनी.”

तो हिवाळा तिने वाळूच्या त्याच गोलांवर काढला. वाळूला थंडीचं काय? हातमोजे घालून, कानटोपी ओढून, रोज चार तास. डाव्या हाताला काहीच येत नव्हतं. पहिल्या आठवड्यात चेंडू कुठेही जात होते. लोक गाडीची काच खाली करून बघत. कोठारावरचे गडी नील्सना विचारत, की अल्मा आता सूपही डाव्या हाताने पिते का? नील्स म्हणत, जाऊन विचारा तिलाच, तिला प्रश्न आवडतात. संध्याकाळी मात्र ते स्वतः मैदानावर जात आणि नळी ओढत तिच्यापुढची वाट सपाट करून देत.

अल्माला या सगळ्याचा जाच वाटला नाही. उजव्याला आपोआप येणाऱ्या गोष्टी डाव्याला एकेक करून सांगाव्या लागत होत्या, आणि सांगता सांगता तिला पहिल्यांदाच कळत होतं की आपण इतकी वर्षं नेमकं काय करत होतो. फेब्रुवारीत एकदा सलग तीस पट आत गेले. एकतिसावा चुकला. तो का चुकला याचा विचार करत ती अंधार पडेपर्यंत तिथेच उभी राहिली.

वसंतात ती पुन्हा खेळायला उतरली. लांबचे फटके उजव्या अंगाने, आणि ग्रीनवर आली की काठी बदलून डाव्या अंगाने. पंचांनी नियमांचं पुस्तक काढलं, त्यात हरकत घेण्यासारखं काही सापडलं नाही. लोक हसले. नेल म्हणाली, “एकीच्या नावावर दोघी खेळताहेत, आणि दोघीही माझ्या पुढे.” खरं तर तेव्हा ती नेलच्या मागेच होती. जूनपर्यंत पहिल्या दहात आली.

ऑगस्टमध्ये, ओहायोत, राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या शेवटच्या खड्ड्यावर तिच्यासमोर चार फुटांचा पट उरला. गेला तर ती एका फटक्याने जिंकणार होती. दोन हजार माणसं दोराबाहेर उभी होती. आपला खेळ आटोपून नेल ग्रीनच्या कडेला उभी होती, आणि तिला भलतीच धास्ती वाटत होती. या बाईला आत्ता, नेमकं आत्ता, उजवा हात बरा झालाय का ते बघायची हुक्की यायची.

ती हुक्की अल्माला आलीही होती. पुढे तिने तसं कबूल केलं. पण ती डाव्या बाजूला उभी राहिली, गवत कुठे झोपलंय ते पाहिलं, आणि चेंडू हलकेच लोटला. तो खड्ड्याच्या उजव्या कडेवर क्षणभर डुगडुगला आणि आत पडला.

चषक दिला गेला, फोटो झाले, माणसं पांगली. नेल गाडीत सामान टाकून तासभर वाट बघत बसली, आणि शेवटी शोधायला निघाली. अल्मा त्याच शेवटच्या ग्रीनवर होती. नेलचा पटर घेऊन, उजव्या बाजूला, त्याच चार फुटांवर. नेलच्या देखत तिने मारला. मनगट उडालं आणि चेंडू सहा फूट पुढे धावत गेला.

“आहे की अजून,” अल्मा म्हणाली. जुना शेजारी भेटावा तसा तिचा चेहरा खुलला होता.

नेल म्हणाली, “चल बाई, मला भूक लागलीय.”

यानंतर अल्मा आणखी सात वर्षं खेळली आणि चार स्पर्धा जिंकली. डावा हात कधी उलटला नाही. पेपरांतून तिची हकीकत पसरली तशी पत्रं येऊ लागली. घड्याळजी, शिंपी, पियानो शिकवणाऱ्या बाया, ज्यांच्या हाताने एक आणि एकच काम सोडलं होतं असे सगळे. ते उपाय विचारत. अल्मा उत्तरात उपाय थोडा लिही आणि प्रश्न भरपूर: कुठल्या वेळी? डोळे मिटल्यावरही? दुसऱ्याचं हत्यार घेतलं तर?

खेळ सोडल्यावर ती हॅलस्टनला परतली आणि तिथल्या शाळेत मुलींना गोल्फ शिकवू लागली. अशात कॅन्सस सिटीहून मेंदूचे एक तरुण डॉक्टर तिची पत्रं बघायला आले. त्यांनी सांगितलं की याला भित्रेपणा म्हणणं चूक आहे. मेंदूत त्या एका कामाची जी वाट असते, ती बहुधा वापरून वापरून बिघडते. अल्माने तीन खोकी पत्रं त्यांच्यापुढे ठेवली, केकचा मोठा तुकडा दिला आणि विचारायला सुरुवात केली. मग संत्र्याला हात का घाबरत नाही? न्हाव्याचा डावा गालच का? डाव्या हाताची वाट वेगळी असते, तर ती कधी बिघडेल हे आधी कळतं का?

दुपार उलटेपर्यंत तिचे एकोणीस प्रश्न झाले होते. डॉक्टरांना त्यातल्या दोन प्रश्नांची उत्तरं देता आली, आणि दुसऱ्याबद्दल तेही साशंक होते. निघताना त्यांनी उरलेले सतरा प्रश्न लिहून घेतले आणि पुढच्या महिन्यात पुन्हा आलो तर चालेल का, असं विचारलं.